संध्याकाळच्या प्रार्थनेचा कोरम

सोलापूर,
१४ जुलै १९७४

चि. गोदावरीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

पोचल्याचं कार्ड मिळालं. बार्शीच्या वसतिगृहात चाळीस मुली तुझ्या एका हाकेवर उठतात-बसतात हे वाचून समाधान झालं. इथे बारा वर्षं तू मला एकट्याला उठवत-बसवत होतीस. एवढी प्रतिभा एका भावावर वाया जात होती, हे मलाच आधी कळायला हवं होतं.

घर जागेवर आहे. भाकरी मी स्वतः थापतो. सोलापुरात कडक भाकरीची रीतच असल्यामुळे अजून कोणाला संशय आलेला नाही. शाळेत नवे तपासनीस येऊन गेले. मास्तरांचं नाव वेणीमाधव, विषय संस्कृत आणि रविवारी सकाळी चर्च, ही तिन्ही एकाच इसमाची माहिती आहे का, असं त्यांनी हेडमास्तरांना बाजूला घेऊन विचारलं म्हणे. आजोबांनी धर्म बदलला पण घरातली नावं बदलायचा कंटाळा केला, त्याची फळं आपण तिसऱ्या पिढीत खातो आहोत.

खरी अडचण निराळी आहे आणि ती शास्त्रीय आहे. आपल्या नावानं दोघं किंवा तिघं जमतील तिथं हजर राहण्याचं वचन प्रभूनं दिलं आहे. एकट्याबद्दल त्यानं तिथं अवाक्षर काढलेलं नाही. गिरणीचा संध्याकाळचा भोंगा झाला की तू आणि मी चटईवर बसत होतो, तेव्हा आपला कोरम काठावर का होईना, भरत होता. तू गेल्यापासून तो रोज मोडतो. मी मंडळीचा चिटणीस आहे. कोरम नसताना सभा भरवायची मला सवय नाही. मांजराला धरून बसवलं, पण तिचा बाप्तिस्मा झालेला नाही.

आणखी एक. माझी प्रार्थना रंगात आली की तू मध्येच आमेन म्हणायचीस, का, तर भाकरी गार होते. बारा वर्षं मी या प्रकाराचा निषेध केला. आता अडवणारं कोणी नाही. परवा मी आफ्रिकेतल्या दुष्काळापर्यंत पोचलो आणि डोळे उघडले, तर स्टोव्हवरचं वरण करपलं होतं.

शेजारची अक्कम्मा रोज तुझी चौकशी करते. चौकशी म्हणजे चहा. मागाच्या कांड्या भरता भरता उठून येते, कप रिकामा करते आणि तेलुगूत सुस्कारा सोडून जाते.

इकडे असलेला लोभ तिकडच्या चाळीस जणींत वाटून टाकू नयेस, इतकंच मागणं.

तुझा दादा,
वेणीमाधव


बार्शी,
४ ऑगस्ट १९७४

ती. दादास सप्रेम सलाम, वि. वि.

तुझं पत्र मुलींसमोर उघडलं ही चूक झाली. मी हसत सुटले आणि तेव्हापासून माझा धाक निम्मा झाला आहे.

कोरमचं मला सांगू नकोस. खोलीत जा, दार लाव आणि प्रार्थना कर, हेही त्यानंच सांगितलंय की. ते वचन तू सोयीनं विसरलास, कारण त्यात तक्रारीला जागा नाही. आणि कोरमच हवा असेल तर अक्कम्मा आहे. ती आपल्याच मंडळीतली आहे, पहिल्या बाकावर बसते आणि तुझ्यापेक्षा मोठ्यानं गाते. चहा प्यायला येतेच आहे, तिला पाच मिनिटं आधी बोलाव.

इथलं बरं चाललंय. मुली गुणी आहेत, म्हणजे खोटं बोलताना खाली बघतात. दवाखान्यात शांतवनराव म्हणून कंपाउंडर आहेत, वसतिगृहाची औषधं तेच देतात. वय पन्नाशीचं, बायको वारून सात वर्षं झाली. त्यांना प्रत्येक गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायची खोड आहे. बाटलीला बूच नीट बसलं की आभार. मागे वैरागजवळ त्यांची एसटी पंक्चर झाली, तर खाली उतरून आभार, का, तर शेजारच्या रानात करडई फुलली होती आणि बस चालू असती तर ती दिसली नसती. पहिल्यांदा मला वाटलं हे ढोंग आहे. आता वाटतं, ढोंग इतके दिवस टिकत नाही.

जेवण वेळेवर घे. शेंगाची चटणी येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर धाड. इथली चटणी चटणी नव्हे.

माया आहे तशीच ठेव, टोमणे थोडे कमी केलेस तरी चालेल.

तुझी,
गोदू


सोलापूर,
२५ ऑगस्ट १९७४

चि. गोदावरीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

शेंगाची चटणी धाडली आहे. ती पोचली की आपल्या कंपाउंडरांना दाखव. डब्याचं झाकण घट्ट बसलेलं आहे, त्यांच्या दोन उपकारस्तुती सहज होतील.

मी त्या गृहस्थांवर टीका करत नाही. आनंद हा सद्गुण आहे हे मलाही ठाऊक आहे. आपल्या पाळकांनी त्यावर सलग चार रविवार उपदेश केला आणि पाचव्या रविवारी निम्मी मंडळी आली नाही. पण पंक्चरबद्दल आभार मानायचे, तर ज्या बिचाऱ्यानं चाक बदललं त्यानं काय म्हणायचं? बायबलात ईयोब नावाचाही एक गृहस्थ आहे, तो राखेत बसून देवाला प्रश्न विचारत होता. त्याला कोणी करडई दाखवली असती तर ग्रंथ फार लवकर आटोपला असता.

अक्कम्माचा प्रस्ताव मी विचारार्थ घेऊन फेटाळला आहे. मागे ती एकदा आपल्याकडे प्रार्थनेला बसली होती ते आठव. तिनं साऱ्या पेठेतल्या मागांची नावं घेऊन देवाला त्यांची तब्येत सांगितली होती. कोणता माग कुरकुरतो, कोणाचा धोटा अडकतो. कोरमसाठी मी एवढी किंमत मोजणार नाही.

तू पत्र लिहितेस तेव्हा दवाखान्याचा मजकूर जरा जास्त असतो. कोणी आजारी आहे का?

काळजी करू नये, पण अगदीच सोडूनही देऊ नये.

तुझा दादा,
वेणीमाधव


बार्शी,
११ डिसेंबर १९७४

ती. दादास सप्रेम सलाम, वि. वि.

कोणी आजारी नाही. ऑगस्टात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला डिसेंबर लागला, यावरून तुला कळलं असेलच.

शांतवनरावांनी मला लग्नाचं विचारलं आहे. मी महिनाभर विचार केला आणि हो म्हटलं. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे, तेव्हा हुरळून गेले असं तू म्हणू शकणार नाहीस, आणि म्हटलंस तरी मला त्यात अपमान वाटणार नाही.

माझं नाव अजून सोलापूरच्या मंडळीत आहे. म्हणून लग्नाला कोणाची हरकत आहे का हे विचारणारा पुकार तिथेही तीन रविवार व्हायला हवा. तुमचे पाळक जानेवारीपासून रजेवर जाणार असं ऐकते, म्हणजे पुकार वाचायचं काम चिटणिसाकडे येणार. मुद्दाम असं योजलं नाही रे, पण तसं झालंय खरं. राखेच्या बुधवारनंतर उपवासकाळ लागतो, आणि इथले पाळक उपवासकाळात लग्न लावत नाहीत. म्हणून त्याआधी उरकायचं आहे.

तुझा आशीर्वाद आधी हवा. बाकी सगळं त्यामागून.

तुझी,
गोदू


सोलापूर,
२२ डिसेंबर १९७४

चि. गोदावरीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात आश्चर्य वाटलं, दुसऱ्यात हस्ताक्षर सुधारल्यासारखं वाटलं.

माझी काही हरकत असण्याचा प्रश्नच येत नाही. केवळ अभ्यासू वृत्तीनं काही पूर्वपक्ष मांडतो. एक, हे गृहस्थ सकाळी उठल्याबद्दल मोठ्यानं आभार मानत असतील तर तुझी झोप कोणत्या वेळी होणार? दोन, तुझं पिठलं दर शुक्रवारी खारट होतं. त्याबद्दलही ते आभार मानतील, मग ते सुधारायचं कसं? बारा वर्षं मी नाक मुरडलं, म्हणून ते निदान गुरुवारी तरी चांगलं होत असे. तीन, नाताळच्या करंज्या या वर्षी मी करणार होतो. सारणात साखरेऐवजी काय पडलं ते विचारू नकोस. हा मुद्दा लग्नाशी संबंधित नाही, पण मनात आला म्हणून लिहिला.

तुझे यजमान मनोहरराव गेले आणि तू ट्रंक घेऊन माझ्या दारात उभी राहिलीस, तेव्हा मी चार दिवसांसाठी कॉट उसनी आणली होती. ती अजून परत केलेली नाही. आता करावी म्हणतो.

तुझ्या त्या गृहस्थांना वरच्या एक व दोन क्रमांकांचा खुलासा करायला सांग.

आशीर्वादाचं पुढच्या पत्रात पाहू, या पत्रात जागा उरली नाही.

तुझा दादा,
वेणीमाधव


बार्शी,
१ जानेवारी १९७५

आदरणीय वेणीमाधवराव यांस,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम, वि. वि.

आपले प्रश्न गोदावरीबाईंनी मला वाचायला दिले. ज्यानं क्रमांक घालून हरकत घेतली त्यानं विचार केला आहे, म्हणून प्रथम त्याबद्दल आभार. हे वाचून आपण कपाळाला हात लावाल असं त्या म्हणाल्या. लावला असल्यास क्षमा असावी.

पहिल्याचं उत्तर असं, की मी हळू आवाजात आभार मानायला शिकेन. दुसऱ्याचं असं, की पिठलं मी खाल्लं आहे. ते खारट आहे. मी तसं सांगितलं आणि मग आभार मानले, दोन्ही जमतं.

आता एक न विचारलेलं. मी पूर्वी असा नव्हतो. बायको गेल्यावर घरात बोलायला कोणी नव्हतं. संध्याकाळी जीभ टाळूला चिकटायची. काहीतरी बोलावं म्हणून मी समोर दिसेल त्याचे आभार मोठ्यानं मानू लागलो. बाटली, दिवा, खिडकीतली चिमणी. आधी ते रिकाम्या घराला ऐकू जायचं, पुढे लोकांनाही जाऊ लागलं आणि मी आनंदी माणूस म्हणून प्रसिद्ध झालो. आपण संध्याकाळी एकटे प्रार्थनेला बसता असं कळलं, म्हणून हे लिहिलं.

आमच्या दोघांवर आपली छाया राहावी, आणि ती छाया अधूनमधून मुक्कामाला यावी.

आपला नम्र,
शांतवन


बार्शी,
२२ जानेवारी १९७५

ती. दादास सलाम.

'सप्रेम' मुद्दाम गाळलं आहे.

वसतिगृहातली एक मुलगी गड्ड्याच्या जत्रेसाठी सोलापूरला घरी गेली होती. परवाच्या रविवारी ती तुमच्या चर्चमध्ये बसली होती. आल्या आल्या तिनं सांगितलं, बाई, तुमचा पुकार झालाच नाही. मास्तरांनी सूचना वाचल्या, सतरंजी झाडायच्या पाळीचं वाचलं, हरवलेल्या छत्रीचंही वाचलं, आणि बसले.

छत्री आठवली आणि बहीण आठवली नाही? ज्याला पाणिनी पाठ आहे तो पुकाराची एक चिठ्ठी विसरतो यावर माझा विश्वास नाही. आता तीनच रविवार उरले आहेत. त्यातला एक जरी गेला तरी लग्न ईस्टरच्या पुढे जाईल, आणि पुढे गेलेलं लग्न या वयात मागे येत नाही.

एक स्पष्ट लिहिते. तू तोंडानं एकदा 'जाऊ नकोस' म्हणालास तर मी राहीन. ते तुलाही ठाऊक आहे. म्हणूनच तू म्हणत नाहीस आणि चिठ्ठ्या विसरतोस. तर तसं करू नकोस. हरकत असेल तर उभा राहून सांग. नसेल तर वाच.

गोदू


सोलापूर,
२७ जानेवारी १९७५

चि. गोदावरीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

चिठ्ठी गीतांच्या पुस्तकात ठेवली होती. पान अंत्यविधीच्या गीतांचं निघालं. त्या रविवारी कोणी मेलेलं नसल्यामुळे ते उघडलं गेलं नाही. हा खुलासा मी पंचांनाही दिला. त्यांनी तो तुझ्याइतकाच मानला.

काल वाचलं. वधू गोदावरी, विधवा, या मंडळीची सभासद. वर शांतवन, विधुर, मुक्काम बार्शी. या दोघांच्या विवाहास कोणाची योग्य कारणास्तव हरकत असल्यास त्यानं ती आता सांगावी, नाहीतर यापुढे मौन धरावं. एवढं वाचून मी थांबलो. प्रथेप्रमाणे क्षणभर थांबायचं असतं. मी जरा जास्त थांबलो असं नंतर मला सांगण्यात आलं.

तेवढ्यात पहिल्या बाकावर अक्कम्मा उभी राहिली.

तीस वर्षांत आपल्या चर्चमध्ये पुकारावर कोणी उभं राहिलेलं नाही. बाजाची पेटी वाजवणाऱ्यानं भाता सोडला, तो आपोआप रडल्यासारखा वाजला. अक्कम्मानं पदर खोचला आणि सगळ्या मंडळीकडे तोंड करून म्हणाली, "माझी हरकत हाय. बाई गेल्यावर मास्तर रोज एकटाच किती वेळ देवाला बोलणार? देव बी कंटाळंल की."

कोणी हसलं नाही हे लिहिलं तर खोटं होईल. मी सोडून सगळे हसले.

आता नियम असा, की आलेली हरकत हसण्यावारी नेता येत नाही. पंचांनी बसून तिचा निकाल करावा लागतो, आणि सभा चिटणिसानं बोलवायची असते. म्हणजे माझ्या एकटेपणावर विचार करण्यासाठी मीच सभा बोलावली आहे. शुक्रवारी संध्याकाळी. चहाची व्यवस्था चिटणिसाकडे.

तू विचारलेल्याचं उत्तर तिथे द्यावं लागेल असं दिसतं. तोवर रागावर थोडं पाणी घालून ठेव.

तुझा दादा,
वेणीमाधव


सोलापूर,
३ फेब्रुवारी १९७५

चि. गोदावरीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

दुसरा पुकार काल झाला. कोणी उठलं नाही. अक्कम्मानं तोंडावर पदर धरला होता, पण बसून.

शुक्रवारच्या सभेचं वर्तमान असं. मुख्य पंच शिवप्पा, गिरणीतून निवृत्त झालेले. त्यांनी पहिलाच प्रश्न काढला, की चिटणीस हा या प्रकरणात हितसंबंधी आहे, त्यानं बाहेर बसावं. दुसरे म्हणाले, मग टिपणं कोण घेणार? तेव्हा ठरलं, की मी उंबऱ्यावर बसावं. अर्धा चिटणीस आत, अर्धा भाऊ बाहेर. वारा भावाच्या बाजूनं येत होता.

अक्कम्माला बोलावून तिचं म्हणणं पुन्हा ऐकण्यात आलं. यावर शिवप्पांनी मत दिलं, की भावाला करमत नाही हे कारण धरलं तर सोलापुरात एकाही बहिणीचं लग्न होणार नाही, आणि भाऊ तेवढे लठ्ठ होतील. सर्वांना हे पटलं. मग त्यांनी प्रार्थना केली आणि उंबऱ्याकडे वळून मला सरळ विचारलं, की मास्तर, तुमची स्वतःची हरकत आहे का?

गोदू, या प्रश्नाचं उत्तर मी गेले दीड महिना अलंकारिक भाषेत तयार करून ठेवलं होतं. दृष्टान्त होते, एक श्लोकही होता. त्यातलं काही आठवलं नाही. तुझं वाक्य मात्र आठवत होतं, की एकदा म्हणालास तर राहीन. ते मी म्हणू शकलो असतो. उंबऱ्यावर बसून, नियमाप्रमाणे, पाच साक्षीदारांसमोर. तुला वाईट वाटलं नसतं, तू आली असतीस, आणि शुक्रवारी पिठलं खारट झालं असतं.

मी म्हणालो, "हरकत नाही. तिची सवय आहे."

शिवप्पा म्हणाले, हे दोन्ही तसंच लिहा. मी तसंच लिहिलं.

निकाल असा, की हरकत फेटाळण्यात येते. मात्र मास्तरांजवळ कोण बसणार हा प्रश्न जिनं उपस्थित केला तिनंच बसावं. अक्कम्मानं लगेच अट घातली, की चहा प्रार्थनेच्या आधी नव्हे, नंतर, म्हणजे लई लांबत नाही. अट मंजूर झाली. चिटणिसाचं मत विचारलं गेलं नाही.

नऊ तारखेला तिसरा पुकार वाचून दुपारच्या गाडीनं निघतो. दहाला लग्नात हजर. कॉट परत करायला गेलो होतो. तिचा मालक वारून आठ वर्षं झाली म्हणे. तेव्हा ती राहील. तुम्ही दोघं मुक्कामाला आलात की उपयोगी पडेल. एकावेळी एकच झोपू शकेल, दुसऱ्यानं आभार मानत बसावं.

हाच आशीर्वाद समज. डिसेंबरच्या पत्रात जागा नव्हती, ती या पत्रात निघाली.

तुझा दादा,
वेणीमाधव


सोलापूर,
१२ फेब्रुवारी १९७५, राखेचा बुधवार

चि. सौ. गोदावरीस व शांतवनरावांस अनेक आशीर्वाद, वि. वि.

लग्न चांगलं झालं. वधूनं वराच्या आधी 'होय' म्हटलं, हे पाळकांनाही दिसलं. आयुष्यभराची घाई एकदम जात नाही. शांतवनरावांनी जेवणाच्या पंगतीत वाढप्यांचे, पत्रावळींचे आणि पाण्याच्या घागरीचे आभार मानले. माझेही मानले, घागरीच्या नंतर. मी वाईट वाटून घेतलं नाही.

काल येताना वैरागच्या पुढे एसटी पंक्चर झाली. हे मी शांतवनरावांना कळवणार नव्हतो, पण अक्कम्माला सांगितलं आहे, म्हणजे कळेलच. सगळे उतरले, मीही उतरलो. रस्त्याच्या कडेला रान होतं आणि त्यात जे पिवळं दिसत होतं ती करडईच असावी; वनस्पतिशास्त्र माझा विषय नव्हे. मी आभार मानले नाहीत. थोडा वेळ पाहिलं, इतकंच. चाक बदलणाऱ्या कंडक्टरला मात्र मी बरं झालं म्हणालो. त्यानं माझ्याकडे अशी नजर टाकली की तुझ्या नवऱ्याबद्दल मला प्रथमच आदर वाटला. आभार मानायचं हे काम सोपं नाही.

घरी पोचलो तर कुलपाला हात लावतो तोच भोंगा झाला. अक्कम्मा स्वतःचा कप घेऊन पायरीवर बसलेलीच होती. चहासाठी दूध स्टोव्हवर ठेवलं, चटई अंथरली. तुझ्या जागेवर ती बसली नाही, थोडी बाजूला बसली. मी एक स्तोत्र वाचलं. तिनं एक तेलुगू गीत म्हटलं. त्याचा अर्थ मला कळला नाही आणि सूर तिला कळला नाही, म्हणून बरोबरी झाली. मग तिनं मागांची तब्येत देवाला सांगितली. तीन माग बरे आहेत, एकाचा धोटा अजून अडकतो. मला त्या धोट्याची काळजी वाटली, हे लिहायला हरकत नाही.

शेवटी माझी पाळी. मी सुरुवात केली. तुमच्या दोघांच्या संसारासाठी मागितलं, चाळीस मुलींसाठी मागितलं, पाळकांच्या रजेसाठी मागितलं. शब्द चांगले येत होते. संस्कृतातून एक उपमा वळणावर दिसत होती आणि मी तिच्याकडे निघालो होतो.

तेवढ्यात अक्कम्मा मोठ्यानं आमेन म्हणाली.

मी डोळे उघडले. ती शांतपणे स्टोव्हकडे बोट दाखवत होती. दूध वर येत होतं.

गोदू, याच गोष्टीवरून मी तुझ्याशी बारा वर्षं भांडलो. काल ते वाक्य मी अर्धंच सोडलं, आमेन म्हणालो आणि दूध उतरवायला उठलो.

कोरम भरतो आहे, काळजी नसावी. लोभाचं मात्र काही सांगता येत नाही. तो तुमच्याकडून यायचा तेवढा येत राहू द्या.

तुझा दादा,
वेणीमाधव